कुलूपसाहेबांचा पत्ता

इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. दुरुस्तीवाला 'निघालोच' म्हणून तासभर निघतच होता. आत कुणी नव्हतं म्हणून बरं. पण वरच्या मजल्यांवरच्या लोकांना पाय ओढत चढायचा कंटाळा आला, आणि जो तो तळमजल्याच्या जिन्यावर टेकला. सव्वादहा वाजले होते. जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी आपोआप विझायचा, मग कुणीतरी उठून बटण दाबायचं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर नाना बसले होते. नानांनी उभा जन्म एका दवाखान्यात लिफ्ट चालवण्यात घालवला. आता निवृत्त. त्यांच्या मागे त्यांची नात, तिच्या मागे कॉलेजच्या दोन मुली, आणि सहाव्या मजल्यावरची नवी सून, खांद्यावर झोपलेलं बाळ घेऊन.

"नाना, तुमच्या लिफ्टमध्ये कधी भूत आलं होतं का हो?" एका मुलीने चेष्टेने विचारलं.

"लिफ्टमध्ये नाही आलं. भुताला काय, जिनेच जिने," नाना म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये आलं होतं."

"त्याला व्हायरस म्हणतात, आजोबा," नात म्हणाली.

"व्हायरसला औषध असतं गं. ह्याला नव्हतं." नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "जिच्यावर गुदरलं ती अजून आहे. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा. त्या रात्री लिफ्टवर मीच होतो. बाकीचं तिने मला सांगितलं, आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नाही. वाकडं बोलेल, पण खोटं नाही."

मग दिवा विझला, आणि या खेपेला बटण दाबायला कुणी उठलं नाही. नानांनी सांगितलेली गोष्ट ही अशी.

*

दवाखान्यात तिला सगळे पक्कड म्हणत. कॉम्प्युटरच्या वायरी, सर्व्हर, नेटवर्क हे तिचं काम. एखादी गोष्ट धरली की धरली, सोडायची नाही, म्हणून पक्कड. वय असेल अठ्ठावीस. बोलायला तिखट, कामाला वाघ.

तो बुधवार होता. तारीख एकोणीस. पक्कडची ड्यूटी संध्याकाळीच संपली होती, पण रात्री दहा वाजून पन्नास मिनिटांनी ती परत दवाखान्यात आली. काम साधं होतं. थोरल्या बहिणीला दुधाचा थर्मास आणि स्वेटर द्यायचा. बहीण तिसऱ्या मजल्यावर, लहान बाळांच्या विभागाबाहेरच्या बाकावर आठ दिवस मुक्कामाला होती. तिला मुलगी झाली होती, पण दोन-अडीच महिने आधीच. एवढीशी, तळहातावर मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवलेली. पेटी नंबर सात.

त्या पोरीची एक खोड होती. मधूनच ती श्वास घ्यायची विसरायची. एवढ्या लवकर आलेल्या बाळांचं असं होतं म्हणे. मग यंत्र ओरडायचं, सिस्टर धावत यायची, तळपायाला बोटाने टिचकी मारायची, की पोरीला आठवायचं, अरे हो, श्वास घ्यायचाय. आणि घ्यायची.

"आज चार वेळा विसरली," बहीण म्हणाली. तिचे डोळे खोल गेले होते.

"मावशीवर गेलीय. मी पण शाळेत डबा विसरायचे," पक्कड म्हणाली. "दूध पी आधी. तू पडलीस तर तुला कोण टिचकी मारणार?"

बहीण हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात आतून धाकटी सिस्टर बाहेर आली. "अगं बाई, तू आहेस होय! देवानेच पाठवलं. टेबलावरचा कॉम्प्युटरचा पडदा बघ ना, काय झालंय."

त्या विभागात दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत सहा पेट्या, बाहेरच्या खोलीत पाच. रात्री सिस्टर दोनच. म्हणून अकराही पेट्यांची यंत्रं वायरीने मधल्या टेबलावरच्या पडद्याला जोडली होती. कुठल्याही बाळाला काही झालं की टेबलावर मोठ्याने घंटा वाजायची. पेटीचा स्वतःचा आवाज अगदी बारीक ठेवलेला, बाळांची झोप मोडू नये म्हणून. तो वाढवायचा कसा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर अकरा ओळी होत्या. अकराही राखाडी. अकरा वाजून सात मिनिटांनी गेल्या, एकदम.

थोरली सिस्टर आतल्या खोलीतून म्हणाली, "मी इथून हलत नाही. ती तिथून हलणार नाही. पण सहा बाळांवर दोन डोळे आणि पाच बाळांवर दोन डोळे, असं किती वेळ चालायचं? पापणी तर लवणारच ना?"

बहीण काचेला जाऊन उभी राहिली. सात नंबरच्या समोर. तिने स्वेटर घातलाच नाही.

"पंधरा मिनिटं द्या," पक्कड म्हणाली, आणि नानांच्या लिफ्टने तळघरात उतरली.

*

आता सर्व्हरच्या खोलीत काय असतं ते सांगायला हवं. घाबरू नका, नानांना समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

एक मोठं यंत्र असतं, कपाटाएवढं. त्याच्या पोटात दहा-बारा छोटी यंत्रं चालतात, पण ती हाताला लागत नाहीत. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. म्हणजे मोठ्या घरात भाडेकरू ठेवावेत तसं. भिंती नाहीत, दारं नाहीत, पण प्रत्येकाला वाटतं आपलं घर वेगळं. प्रत्येकाला एक पत्ता. चार आकड्यांचा. पत्र त्या पत्त्यावर येतं, त्या पत्त्यावरून जातं. बाळांच्या पेट्या ज्याच्याशी बोलायच्या तोही असाच एक भाडेकरू.

आणि या सगळ्या भाडेकरूंचा मालक होता कुलूपसाहेब.

होता म्हणायचं, कारण तीन आठवड्यांपूर्वी तो गेला. घरीच, झोपेत, कुणाला त्रास न देता. जिवंतपणी मात्र त्याने पुष्कळ दिला. दवाखान्याचं सगळं नेटवर्क त्याने उभं केलं, हे खरं. पण त्यातलं एक अक्षर त्याने कधी कागदावर उतरवलं नाही. कुठला पत्ता कुणाला, कुठली वायर कुठे, कुठला पासवर्ड काय, सगळं डोक्यात. कुणी विचारलं की म्हणायचा, "हात नको लावू. मी आहे ना." सुट्टी घ्यायचा नाही. ताप असला तरी यायचा. त्याला एकच भीती. दुसऱ्याला समजलं, तर आपल्याला कोण विचारतो?

पक्कड त्याच्या हाताखाली चार वर्षं होती. पासवर्ड टाकायची वेळ आली की तो तिला सांगायचा, "तोंड फिरव." आणि ही शिकलीसवरलेली बाई, शिक्षा झालेल्या पोरीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. चार वर्षं. त्या भिंतीवरच्या रंगाचे पोपडे तिला पाठ झाले होते. तो गेल्यावर कंपनीच्या माणसाला बोलावून पासवर्ड नव्याने बसवावे लागले, तेव्हा कुठे तिच्या हाती कारभार आला.

त्या खोलीत थंडी असते, यंत्रं तापू नयेत म्हणून. लांबट खोली, दोन हात पसरले की दोन्ही भिंती लागतील एवढी. एका टोकाला यंत्राचं कपाट, दुसऱ्या टोकाला साहेबाचं टेबल. टेबलावरचा त्याचा कॉम्प्युटर सामानाच्या खोलीत गेला होता. खुर्ची तेवढी राहिली होती. पाठीवर टॉवेल टाकलेली.

पक्कडने मोठ्या यंत्राचा पडदा उघडला. बाळांचं मशीन चालू होतं. तब्येत ठणठणीत. फक्त बाहेरच्या जगाशी बोलत नव्हतं. तिने सेटिंग पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्या मशीनचं नेटवर्क बाहेरच्या वायरीला जोडलेलं असतं, ते कुणीतरी काढून 'आतल्या आत' वर ठेवलं होतं. म्हणजे भाडेकरू घरात आहे, पण दाराला बाहेरून कडी.

तिने कडी काढली. वर फोन लावला.

"आलं!" धाकटी सिस्टर ओरडली. "अकराच्या अकरा!"

अकरा चोवीस झाले होते. पक्कड उठली, दिव्याच्या बटणापर्यंत गेली, तोच फोन वाजला.

"गेलं गं परत."

ती परत बसली. कडी परत लागलेली. तिने नोंदवही उघडली. कागदाची नव्हे, यंत्राच्या आतली. कुणी काय बदललं ते त्यात आपोआप लिहिलं जातं. बदल केला अकरा पंचवीसला. बदल करणाऱ्याचं नाव...

कुलूपसाहेब.

"हात्तिच्या," पक्कड स्वतःशीच म्हणाली. साहेबाचं खातं बंद करायचं राहून गेलं होतं. माणूस गेला तरी त्याचं खातं उघडं राहतं. ही चूक सगळ्यांची होते. त्याने मरण्याआधी काहीतरी लावून ठेवलं असेल, ठरल्या वेळी आपोआप होणारं. तसं करता येतं. तिने ते शोधलं. सापडलं नाही. मग तिने साहेबाचं खातंच पुसून टाकलं. यादीतून नाव गायब. कडी काढली. वरून निरोप आला, "आलं."

ती नोंदवहीकडे बघत बसली. उठली नाही.

अकरा एक्केचाळीस. कडी लागली.

बदल करणाऱ्याचं नाव... कुलूपसाहेब.

यादीत ते नावच नव्हतं. पुसलेलं होतं. तरी नोंदीत होतं.

*

"आजोबा, दिवा लावू का?" नातीने विचारलं.

"कशाला? घाबरलीस?"

"मी नाही. या वहिनी."

"मी कशाला घाबरेन," सून म्हणाली, पण बाळाला तिने खांद्यावरून काढून मांडीत घेतलं. "नाना, त्या सात नंबरच्या बाळाचं काय झालं ते आधी सांगा. मग भुताचं सांगा."

"तेच सांगतोय," नाना म्हणाले.

*

फोन वाजला. बहीण होती. सिस्टरच्या टेबलावरून बोलत होती, हळू, घाईने. "निळी पडली होती. मी काचेवर हात आपटला म्हणून सिस्टरने वळून पाहिलं. टिचकी मारली, घेतला श्वास. पण मी आपटला म्हणून... मी जरा जरी इकडेतिकडे बघत असते तर..."

"तू काचेपुढून हलू नकोस. मी इथे आहे," पक्कड म्हणाली.

तिने ठरवलं, या मशीनचा नादच सोडायचा. ते बंद केलं, पूर्ण. रविवारी काढून ठेवलेली त्याची नक्कल होती, ती उघडली. हुबेहूब जुळं भावंड. तिला सुरू केलं, तर नक्कल म्हणाली, हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी आहे, मला मिळत नाही.

पक्कडने जीभ चावली. नक्कल काढली की तिच्या नेटवर्क कार्डाचा नंबरही तोच येतो, जसाच्या तसा. तो हाताने बदलायचा असतो, नाहीतर दोन जुळी एकाच नावाने हाका मारत बसतात. घाईत हे हमखास विसरतं. तिने नंबर बदलला. परत सुरू केलं.

हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी आहे.

पण दुसरं कुणी नव्हतं. जुनं मशीन तर बंद होतं. तिने स्वतः बंद केलं होतं. मग तिने नक्कलही बंद केली. आता त्या पत्त्यावर कुणीच नाही. रिकामं घर.

तिने त्या पत्त्याला हाक मारली. नेटवर्कवाल्यांची हाक असते तशी, पिंग. कुणी असेल तर उत्तर येतं. नसेल तर येत नाही.

उत्तर आलं.

तिने परत हाक मारली.

उत्तर आलं.

पुन्हा.

आलं.

हे उत्तर कुठल्या वायरीतून येतंय ते बघता येतं. सतरा नंबरची वायर. कपाटात सतरा नंबरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पक्कडने ती वायर बोटात धरली आणि तिच्या मागे मागे निघाली. कपाटाच्या मागून. भिंतीच्या कडेने. खाली वाकून. टेबलाखालून वर. टेबलावर.

वायरीचं टोक टेबलावर पडलं होतं. नुसतं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

समोर खुर्ची.

ती कपाटाकडे परत आली आणि सतरा नंबरची वायर उपटून काढली. वायर तिच्या हातात आली.

दिवा लुकलुकतच राहिला.

नुसत्या भोकात. हिरवा.

...

ती खाली बसली. मोठ्या यंत्राचा पडदा मधल्या वेळात लॉक झाला होता. पासवर्ड मागत होता. तिने टाकला. अक्षराअक्षराला एक तारा उमटतो, तसे दहा तारे उमटले. शेवटचं बटण दाबायच्या आधी...

एक तारा पुसला गेला.

तिचा हात मांडीवर होता.

दुसरा पुसला गेला. तिसरा. सावकाश. शेवटून पहिल्याकडे. कुणीतरी एका बोटाने पुसावे तसे. दहाही.

तिने परत टाकला. परत पुसला.

मागे टेबलाजवळ काहीतरी कुरकुरलं.

तिने मागे पाहिलं नाही.

लिफ्ट दारातच होती. नाना स्टुलावर बसून डुलक्या काढत होते. चार पावलं गेली असती की सुटली असती. उद्या सकाळी कंपनीचा माणूस आला असता. कुणी तिला बोल लावला नसता. तिची तर ड्यूटीही नव्हती.

फोन वाजला.

"ताई?"

पलीकडे नुसता श्वास. मग, "दुसऱ्यांदा... या वेळेला दोन टिचक्या लागल्या. तिसरीची वेळ..." आणि पुढे नाही. फोन ठेवलाही नाही. काचेकडे पळाली असणार. लोंबत्या फोनमधून दूरवर कुणाची तरी चप्पल वाजत राहिली.

पक्कडने फोन ठेवला.

तिने मला सांगितलं, नाना म्हणाले, की तिथपर्यंत ती भीतीने गारठली होती. पण त्या क्षणी आतून काहीतरी असं पेटलं, की खोलीतली थंडी तिला लागेनाशी झाली. ती उठली आणि वळली.

खुर्ची तिच्याकडे तोंड करून होती. मघाशी टेबलाकडे होती.

"हं," पक्कड म्हणाली. "म्हणजे बसलाय होय."

काही नाही. फक्त यंत्रांची घरघर.

"साहेब, चार वर्षं ऐकलं तुमचं. पगार वाढला नाही तरी ऐकलं. तुम्ही चारचौघांत 'हिला काय कळतंय' म्हणालात तरी ऐकलं. तुम्ही गेलात तेव्हा रडले सुद्धा मी. खरंच रडले. सगळं तुम्हीच उभारलंत, हेही कबूल. पण वर अकरा बाळं आहेत. त्यातल्या एकीला श्वास घ्यायला शिकायचंय, आणि तुम्ही दाराला कडी लावून बसलाय. कशासाठी? मेल्यावर कोण काढणार आहे तुम्हाला नोकरीवरून?"

सतरा नंबरचा दिवा जोरात लुकलुकला.

"डोळे कुणाला वटारता?" ती म्हणाली. "आता अहो-जाहो बास. जिवंत होतास तेव्हा मान ठेवला. आता ऊठ तरी, नाहीतर गप्प तरी बस."

आणि तिने काय करावं? तिने दोन्ही हातांनी ती खुर्ची धरली. चाकाची खुर्ची, बोटाने ढकलली तरी फिरणारी. ती हलेना. आत कुणी ऐंशी किलोचं बसलंय अशी जड. पक्कडने पाय रोवले, दात आवळले आणि कर्रर्र करत ती खुर्ची गर्रकन फिरवली. भिंतीकडे. पोपड्यांच्या भिंतीकडे.

"तोंड फिरव," ती म्हणाली. "पासवर्ड टाकायचाय."

ती कपाटापाशी आली. बसली. दहा अक्षरं टाकली. दहा तारे उमटले.

राहिले.

*

जिन्यावर कुणीतरी हसलं. मग एकदम सगळेच हसले. "शाब्बास!" कॉलेजची मुलगी म्हणाली.

"हसू नका, अजून पुढे आहे," नाना म्हणाले.

*

पक्कड त्या पत्त्यासाठी भांडली नाही. "तुझा पत्ता तुला लखलाभ," ती म्हणाली. "बस त्यावर नागासारखा." तिने नकलेला नवाच पत्ता दिला. नक्कल चटकन सुरू झाली. पण एक अडचण होती. वरच्या अकरा पेट्या अजून जुन्याच पत्त्यावर हाका मारत होत्या. प्रत्येक पेटीजवळ उभं राहून तिच्यात नवा पत्ता हाताने घालायला हवा होता. तो कसा घालायचा ते साहेबाने कधी कुणाला दाखवलं नव्हतं. पेटीजवळ कापडी पडदा लावून करायचा. पण पक्कड ती पक्कड. पडद्याच्या फटीतून चार वर्षांत तिने तेवढं बघून ठेवलं होतं.

एकटीने अकरा पेट्या करायच्या तर तास गेला असता. तिने नानांना हलवलं.

"नाना, वर जा. हात स्वच्छ धुवा, कोपरापर्यंत. गाऊन घाला. सिस्टरला सांगा, ताईलाही आत घ्या. फोन स्पीकरवर ठेवा. मी सांगते तसं सगळ्यांनी दाबायचं."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?" नाना म्हणाले.

"हे वाक्य या खोलीत आजपासून बंद," पक्कड म्हणाली. "जन्मभर बटणंच दाबलीत ना? मग आणखी चार दाबा."

बारा वाजून बावन्न मिनिटांनी वर चौघं उभी राहिली. दोन सिस्टर, नाना आणि बहीण. खालून पक्कडचा आवाज. खणखणीत. "खालच्या कोपऱ्यातलं बटण तीन सेकंद दाबून धरा. यादी येईल. चौथी ओळ. आत जा. शेवटचा आकडा चाळीस दिसतोय? तो पुसा. एकेचाळीस घाला. हो म्हणा. बस एवढंच. याच्यासाठी चार वर्षं पडदे लावले!"

त्याच ओळी खाली मोठ्या यंत्राच्या पडद्यावरही दिसत होत्या; पहिली हिरवी झाली. थोरल्या सिस्टरची. मग दुसरी.

पक्कडच्या मागे कर्रर्र झालं.

तिने वळून पाहिलं नाही. कपाटाच्या काचेत दिसत होतं. भिंतीकडची खुर्ची... थोडी इकडे फिरली होती.

"चौथी ओळ!" ती आणखी मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येतंय ना? पाठ करा. उद्या मी नसले तरी तुम्हाला यायला हवं!"

तिसरी हिरवी. चौथी. नानांची पेटीही लागली.

कर्रर्र.

खुर्ची आणखी थोडी.

पाचवी. सहावी.

थंडी मानेपर्यंत आली. मागून कुणीतरी वाकून बघतंय अशी.

"बघ," पक्कड दातांतून म्हणाली. "नीट बघ. लपवून नाही करत मी."

सातवी. आठवी. नववी. दहावी.

सात नंबरची पेटी बहिणीकडे होती. बहिणीला कॉम्प्युटरचं वावडं. घरात टीव्हीचा रिमोटही नवऱ्याच्या हातात. तिचं बोट यादीवर जाऊन अडलं. "अगं, इथे चाळीस नाही दिसत. मला नाही जमायचं. तूच ये ना."

खुर्ची पूर्ण वळली. काचेत तिचं रिकामं तोंड पक्कडच्या पाठीला लागलेलं.

"ताई, तिसऱ्या ओळीत शिरलीस तू. मागे ये. एक खाली."

"...दिसलं."

"पूस."

"पुसलं."

"एकेचाळीस."

काही क्षण काहीच नाही. मग अकरावी ओळ हिरवी झाली, आणि कपाटातला सतरा नंबरचा दिवा... विझला.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मागे वळून पाहिलं तर खुर्ची नुसती खुर्ची. बोटाने ढकलली, गरगर फिरली.

एक पस्तीसला टेबलावरची घंटा ठणाणा वाजली. सात नंबर. धाकटी सिस्टर दोन पावलांत पोचली. टिचकी. पोरीने श्वास घेतला. त्या रात्री ती आणखी तीनदा विसरली, आणि तिन्ही वेळा घंटेने सांगितलं. बहिणीने शेवटी स्वेटर घातला आणि बाकावर बसल्या बसल्या झोपली. ती पोर आता शाळेत जाते. डबा विसरते.

पक्कडने काय केलं माहीत आहे? जाड काळ्या पेनाने ते सगळे पत्ते, सगळ्या वायरींचे नंबर, कुठून कुठे, तिने सर्व्हरच्या खोलीच्या भिंतीवर लिहून काढले. हातभर उंच अक्षरात. पोपड्यांवरच. सकाळी मोठे डॉक्टर बघून म्हणाले, अहो भिंत खराब केलीत. ती म्हणाली, भिंत मला चार वर्षं ओळखते, तिची काही तक्रार नाही.

*

"संपलं?" सुनेने विचारलं. तिच्या मांडीतलं बाळ जागं झालं होतं आणि टकमक बघत होतं.

नानांनी मानेनेच नाही म्हटलं.

"सकाळी सात वाजता पाळी बदलली," ते म्हणाले. "नवी सिस्टर टेबलाशी आली, पडद्यावरच्या ओळी मोजून घेतल्या. मोजून म्हणाली, बारा आहेत."

"अकरा ना?"

"पेट्या अकरा. ओळी बारा. बाळांची नाडी एवढी जोरात पळते, पडद्यावर एकशे चाळीस, एकशे पन्नास असे आकडे. बाराव्या ओळीत अठ्ठावन्न. संथ. वयस्क माणसाची असते तशी. त्या ओळीला पेटी नाही, वायर नाही, पत्ता नाही. पक्कडने पुसून पाहिली, मशीन बंद करून पाहिलं, कंपनीचा माणूस येऊन डोकं खाजवून गेला. सुरू केलं की अकरा ओळी येतात, आणि मग, जरा उशिराने, बारावी."

"मग गेली कधी ती ओळ?" कॉलेजच्या मुलीने विचारलं.

"अजून आहे," नाना म्हणाले. "रात्रंदिवस अठ्ठावन्न. बदलत नाही. फक्त कुणी नवीन माणूस सेटिंग शिकायला बसला, की तो आकडा चढायला लागतो. सत्तर... नव्वद... मागच्या महिन्यात दोन पोरी आल्या शिकायला. पक्कडने पहिल्याच दिवशी त्यांना सगळे पासवर्ड वाचून दाखवले. वरून सिस्टरचा घाबरून फोन आला, अगं, बारावी ओळ एकशे तीसवर गेलीय, काय करू?"

"मग?"

"पक्कड म्हणाली, काही करू नका. धडधडतंय, तर धडधडू दे. आणि पोरींना म्हणाली, हं, पुढचं लिहून घ्या."